धूर, धाप आणि औदासीन्य

आमच्या वाड्यांत एक काका होते. पहांटे ओसरीवर बसून विडी पेटवावयाची, मग खोकल्याची उबळ, आणि मग बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहात राहावयाचें, असा त्यांचा नित्यक्रम असे. साठीच्या सुमारास त्यांना जिना चढवेनासा झाला. बोलणें तर त्यापूर्वींच आटलें होतें. घरांत दोन पक्ष पडले. काकू म्हणत, "विडीनें घात केला." काकांचे थोरले बंधु म्हणत, "आमच्या घराण्याचें रक्तच तसें. वडीलहि असेच धापा टाकीत गेले." काका अबोल कां झाले हा प्रश्न मात्र कोणासच पडला नाहीं. श्रोतेहो, हा वाद पुढें शास्त्राच्या दरबारींहि गेला, आणि तेथें दोन्ही पक्षांना थोडें थोडें यश मिळालें.

थोरल्या बंधूंची बाजू मांडणारा मनुष्य लहानसहान नव्हता. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविल्यावर, १९५७-५८ च्या सुमारास संख्याशास्त्राचे आचार्य रोनाल्ड फिशर यांनीं आक्षेप घेतला. त्यांचें म्हणणें असें, कीं ज्या वारशामुळें मनुष्याला तंबाखूची ओढ लागते, त्याच वारशामुळें त्याला रोगहि होत असेल. तंबाखू बिचारी निर्दोष! एकरूप जुळ्या भावंडांच्या धूम्रपानाच्या संवयी इतर जुळ्यांपेक्षां अधिक जुळतात, हा त्यांचा पुरावा. फिशर स्वतः चिलीमबाज होते व तंबाखूच्या कारखानदारांचे सल्लागारहि होते, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. त्यांचें निरीक्षण टिकलें. निष्कर्ष टिकला नाहीं. कारण, धूम्रपान सोडणाऱ्यांचा धोका कालांतरानें उतरतो असें दिसून आलें, आणि विडी सोडल्यानें कोणाचें रक्त बदलत नाहीं.

पण रक्ताचा भाग मुळींच नाहीं असेंहि नव्हे. १९६३ सालीं स्वीडनमधील माल्मो येथें लॉरेल व एरिकसन हे रक्तरसाचे सुमारें दीड हजार नमुने तपाशीत होते. पांच नमुन्यांत एक नेहमींचा पट्टा गायब होता, आणि त्या पांचांपैकीं तिघांचीं फुप्फुसें झिजलेलीं होतीं! नाहींसें झालेलें तें प्रथिन यकृतांत तयार होतें. रक्तांतील पांढऱ्या पेशी एक तीव्र पाचक द्रव्य सोडतात. त्यापासून फुप्फुसाची नाजूक जाळी वांचविणें हें त्याचें काम. ज्याच्याकडे जन्मतःच तें अपुरें, त्यानें विडी ओढली तर उरलेसुरलेंहि धूर निकामी करतो. असे लोक मात्र थोडे.

पुष्कळांना लागू पडणारी गोष्ट २००८ सालीं उघडकीस आली. आपल्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांपैकीं पंधराव्या जोडीवर, निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या द्वारांची घडण ठरविणारीं जनुकें आहेत. त्यांत एका अक्षराचा फरक पडला कीं मेंदूंतून "आतां पुरे" असा जो इशारा मिळावयाचा, तो मंद होतो. अशा माणसाला दिवसाला एखादी सिगारेट अधिक लागते, शिवाय तो झुरकाहि खोल घेतो. या जागेचा संबंध २००८ मध्यें कर्करोगाशीं आणि पुढच्याच वर्षीं दीर्घकालीन श्वासरोगाशीं जुळला. म्हणजे वारसा खरा. परंतु पुष्कळ अंशीं तो विडीच्याच वाटेनें फुप्फुसापर्यंत पोंचतो.

आतां काकांच्या अबोलपणाकडे वळूं. औदासीन्याचाहि वारसा असतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून त्याचा वांटा सुमारें सदतीस टक्के धरतात. १९९३ सालीं अमेरिकेंत जुळ्या भगिनींचा अभ्यास झाला, त्यांत धूम्रपान व औदासीन्य यांचें मूळ बरेंचसें एकच, आनुवंशिक असावें असें दिसलें. फिशर येथें खूष झाले असते! २०१३ सालीं नॉर्वेंत पंधराव्या जोडीवरील त्या फरकाचा उपयोग करून पाहिला, तेव्हां अधिक ओढणाऱ्यांत औदासीन्य अधिक आढळलें नाहीं. उलट २०२० मधील अधिक विस्तृत पाहणींत दोन्हीकडून ओढाताण दिसली: धूम्रपानानें मन खचतें आणि खचलेलें मन धूम्रपानाकडे वळतें. या प्रश्नाचा निकाल अजून कच्चाच म्हणावा लागेल.

व्यवहाराच्या दृष्टीनें मला महत्त्वाची वाटते ती २०१४ सालची माहिती. सव्वीस अभ्यास एकत्र केले असतां, धूम्रपान सोडणाऱ्यांचें औदासीन्य व चिंता वाढली नाहीं, कमीच झाली. विडीनें जीव हलका होतो असें काका म्हणत. मागच्या विडीनेंच लावलेली तलफ पुढची विडी शमवीत असे, एवढाच त्याचा अर्थ. धाप लागणाऱ्या माणसाचें बाहेर जाणें थांबतें, मित्र तुटतात, मन खचतें, आणि खचलेल्या मनाला विडी सोडवत नाहीं. तेव्हां अशा रोग्याला दोष देत बसण्यापेक्षां त्याच्या छातीबरोबर मनाचीहि विचारपूस वैद्यांनीं व घरच्यांनीं करावी. गमावलेलें फुप्फुस परत येत नाहीं. पण ज्या दिवशीं विडी सुटते त्या दिवसापासून झिजेचा वेग मंदावूं लागतो, हें फ्लेचर व पीटो यांनीं १९७७ सालींच दाखविलें आहे.

काकूंनीं आयुष्यांत विडीला हात लावला नाहीं. तरी पुढें त्यांनाहि धाप लागूं लागली. चाळीस वर्षें त्या बिनधुराड्याच्या स्वयंपाकघरांत चुलीपुढें बसल्या होत्या, आणि त्या धुराचें नांव त्या सगळ्या वादांत कोणींच काढलें नव्हतें.