साहाय्य पोचण्यापूर्वीचे हात
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आपल्या आपत्तिनिवारण निधीचा विनियोग कसा व्हावा, याविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी सामान्य शाळामास्तर. या विषयाचा अधिकारी नव्हे. तथापि जे पाहिले, तेवढे निवेदन करतो.

१९९३ साली अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून किल्लारी परिसर निजला होता. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास धरणीकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांवरील मातीचा भार यांखाली सुमारे आठ हजार माणसे प्राणास मुकली. बाहेरचे साहाय्य पोचेपर्यंत ढिगारे उपसले, ते जिवंत राहिलेल्या शेजाऱ्यांनीच.

पुढे मदतीचा ओघ लागला. आमच्या गावातूनही कपड्यांचा एक ट्रक गेला. त्यासोबत मी होतो. गठ्ठे सोडले, तो आत विटक्या साड्या आणि कोट-पाटलोणी! एक वृद्ध शेतकरी म्हणाला, "गुरुजी, कापड लई झालं. भिंत पुन्यांदा पडू नये म्हणून कशी बांधायची, ते कुणी सांगतंय का?" मजजवळ उत्तर नव्हते. त्याची लाज मला आजही वाटते.

ते उत्तर पुढे त्याच मुलखातील स्त्रियांनी दिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने पुनर्वसनाचे कार्य हाती घेतले. उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसली. परंतु तडे गेलेली घरे शेकडो गावांत विखुरलेली होती, आणि त्यांची दुरुस्ती अनुदान घेऊन घरमालकांनीच करावयाची होती. तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीचे दोन्ही थर जोडणारा आरपार दगड कसा बसवावा, माळवदावरील मातीचा भार का उतरवावा, हे त्या शिकल्या आणि घरोघरी समजावून सांगू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातील स्त्रिया तेथील भगिनींना आपला अनुभव सांगण्यास गेल्या. काल ज्यांनी साहाय्य घेतले, त्याच दुसऱ्यांच्या शिक्षिका झाल्या.

अन्नवस्त्र देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. भुकेल्यास प्रथम अन्नच हवे. परंतु घोंगडी कालांतराने विरते. अंगी आलेली विद्या विरत नाही. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, निधीचा निदान तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवावा. प्रत्येक शाखेतून दोन तरुण व दोन भगिनी यांनी प्रथमोपचार शिकावेत. गावच्या गवंड्यांना जुनी घरे बळकट करण्याची रीत शिकवावी. हे वर्ग केवळ ज्ञातीपुरते न ठेवता साऱ्या गावास खुले असावेत. त्या पहाटे ढिगारा उपसणाऱ्या हातांना कोणी जात विचारली नव्हती.

आपण या सूचनेचा विचार करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.