कल्ल्यातले बिऱ्हाड



कामगारांच्या सभांत बोलणाऱ्या माणसाने माशाच्या कल्ल्यांवर बोलावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण ‘रक्तशोषक’ हा शब्द आमच्या व्यासपीठावर नेहमीचा. तेव्हा खरा रक्तशोषक कसा जगतो, हे एकदा पाहू या.

आपली तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. त्या समुद्रात लेपा हा चपटा मासा सापडतो. दोन्ही डोळे एकाच अंगाला. दुसऱ्या अंगावर तो तळाशी पडून असतो. अशा चपट्या माशांच्या कल्ल्यांच्या पोकळीत कोपेपॉड नावाचे परजीवी बिऱ्हाड करतात. हे झिंग्यांचे दूरचे भाऊबंद.

जागा कोणती धरावी, हा त्यांच्या जगण्याचा पहिला प्रश्न. तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांच्या तंतूंमधून जाऊन झाकणाखालून बाहेर पडते. तंतूंत रक्त भरपूर, पण पाण्याचा लोटही तिथेच. म्हणून कुणी तंतूंना धरतो, कुणी कल्ल्याच्या कमानीला, कुणी पोकळीच्या भिंतीला. अकँथोकाँड्रियाची मादी आकड्यासारख्या स्पर्शिका मांसात रुतवते. तिचा इवलासा नर तिच्याच अंगाला चिकटून असतो.

युरोपातल्या लर्निओसेराची तऱ्हा निराळी. त्याचे पिल्लू फ्लाउंडर या चपट्या माशाच्या कल्ल्याच्या टोकांना चिकटून वाढते. तिथेच नरमादीचा संयोग होतो. मग मादी तो मासा सोडून कॉड माशाच्या कल्ल्यात शिरते, आणि तिचे डोके रक्तवाहिनीतून थेट हृदयाकडे पोचते! धड मात्र कल्ल्यातच राहते.

हे शास्त्र वाढवणाऱ्यांत झ्बिग्न्येव काबाटा हे मोठे नाव. महायुद्धात ते पोलंडच्या भूमिगत सेनेत लढले, पुढे स्कॉटलंडमध्ये मासेमारीच्या बोटीवर राबले, मग प्राणिशास्त्र शिकले. १९७९ साली ब्रिटनमधील माशांवरच्या परजीवी कोपेपॉडांचा त्यांचा ग्रंथ निघाला. जाळे ओढणारा हात सूक्ष्मदर्शकही धरू शकतो, हे कष्टकऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या दारची गोष्ट. गोड्या पाण्यातही यांचे भाऊबंद आहेत. अर्गॅसिलसची मादी कल्ल्याचे तंतू कवटाळते. संख्या वाढली की माशाचा श्वास कोंडतो. लर्निया नांगरासारखे डोके मांसात रुतवते. ती नुसती ओढली तर डोके आतच तुटून राहते. जळगाव-धुळ्याकडे ज्यांचे पोट तळ्यातल्या रोहू-कटल्यावर आहे, त्यांनी मत्स्यबीज तळ्यात सोडण्यापूर्वी चार मासळ्यांच्या कल्ल्यांचे झाकण उचलून पाहावे. वर्षाचे उत्पन्न वाचेल. खाणाऱ्यांनी मात्र भिऊ नये. हे किडे माणसाच्या अंगात बिऱ्हाड करीत नाहीत.

आता त्या शब्दाविषयी. कोपेपॉडाला दुसरा जगण्याचा मार्गच नाही. त्याला दोष कसा द्यावा? माणसाला मार्ग असतात. म्हणून माणसाने केलेल्या शोषणाला निसर्गनियम म्हणू नका. पण त्याच्याशी झगडायचे, तर आधी झाकण उचला आणि त्याने कुठे धरले आहे ते पाहा. नुसते ओढाल, तर डोके आतच राहील.