'प्रत्येकी' या शब्दाची किंमत : प्राथमिक वर्गातील शाब्दिक उदाहरणे

(प्राथमिक शिक्षकांच्या कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणिताच्या कार्यशाळेत मराठी साहित्याची प्राध्यापिका कशाला, अशी कुजबुज सकाळी चहाच्या वेळी माझ्या कानावर आली. शंका रास्त आहे. तिचे उत्तर भाषणाने देण्यापेक्षा फळ्यावरच्या दोन वाक्यांनी देते.

पहिले वाक्य : '५ मुलांना २० पेरू सारखे वाटले.' दुसरे वाक्य : '५ मुलांना प्रत्येकी २० पेरू वाटले.' पहिल्यात एकेका मुलाला चार पेरू मिळतात. दुसऱ्यात एकूण शंभर पेरू लागतात. आकडे तेच, मुले तीच, पेरूही तेच. 'प्रत्येकी' हा एक शब्द आला आणि भागाकाराचा गुणाकार झाला. हा शब्द क्रियाविशेषण आहे हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो आणि त्याची खरी कसोटी मात्र गणिताच्या तासाला लागते. त्या तासाला व्याकरण शिकवणारे कोणी वर्गात नसते.

गेल्या वर्षी एका शाळेत चौथीतल्या एका मुलीची वही मी पाहिली. वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, हातच्याची वजाबाकी बिनचूक, अक्षर मोत्यासारखे. शाब्दिक उदाहरणांच्या पानावर मात्र लाल फुल्याच फुल्या. '६ टोपल्यांत प्रत्येकी १८ आंबे आहेत, तर एकूण आंबे किती?' याला तिने १८ भागिले ६ करून ३ असे उत्तर लिहिले होते. मी विचारले, "बाळ, प्रत्येकी म्हणजे काय गं?" ती चटकन म्हणाली, "वाटायचे." तिला कोणीतरी तसे शिकवले होते आणि तिने ते प्रामाणिकपणे लक्षात ठेवले होते. प्रगतिपुस्तकात शेरा होता : 'गणितात कच्ची'. मुलगी गणितात कच्ची नव्हती. पण असा शेरा मुलासोबत पुढच्या इयत्तेत जातो, पुढच्या बाईंच्या नजरेत बसतो आणि काही वर्षांनी मूल स्वतःच तो स्वतःबद्दल सांगू लागते. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ साली शाब्दिक उदाहरणांतल्या चुका तपासण्याची एक साधी पद्धत मांडली. मुलाला समोर बसवायचे आणि पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या. हे मोठ्याने वाच. यात काय विचारले आहे ते सांग. ते काढायला काय करशील? करून दाखव. आता उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर पहिल्यांदा अडते, तिथे त्याचे दुखणे. प्रत्यक्ष आकडेमोड चौथ्या पायरीवर येते हे ध्यानात घ्या. पुढे निरनिराळ्या देशांत याच रीतीने तपासणी झाली, तेव्हा पुष्कळशा चुका आकडेमोड सुरू होण्याआधीच घडलेल्या आढळल्या. आपण मात्र वही तपासताना चौथी पायरी पाहतो, फुली मारतो आणि आणखी दहा गुणाकार घरी करायला देतो.

आता आपल्या वर्गातल्या सर्वांत लाडक्या युक्तीबद्दल थोडे स्पष्ट बोलते. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'जास्त' म्हणजे मिळवा, 'वाटले' म्हणजे भागा. भिंतीवर असा तक्ता लावलेला वर्ग मी किती पाहिले असतील! तक्ता रंगीत असतो, मेहनतीने केलेला असतो आणि माझ्या मते तो उतरवून ठेवावा. 'टोपलीतले ८ आंबे विकले आणि १५ उरले, तर सकाळी टोपलीत किती होते?' इथे 'उरले' आहे आणि करायची आहे बेरीज. 'राधाकडे १२ लाडू आहेत. ते सोनूच्या लाडवांपेक्षा ५ ने जास्त आहेत. सोनूकडे किती?' इथे 'जास्त' आहे आणि करायची आहे वजाबाकी. तक्ता पाठ केलेले मूल पहिल्याचे उत्तर ७ काढते, दुसऱ्याचे १७. शब्दाला वाक्याबाहेर अर्थ नसतो, हे आम्ही काव्यशास्त्राच्या वर्गात एम. ए. च्या मुलांना सांगतो. ते तिसरीच्या मुलांना आधी कळायला हवे.

अर्थ न पाहता आकडे उचलण्याची सवय किती खोल जाते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधले आहे. १९८० च्या सुमारास ग्रेनोबल येथील गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुसंख्य मुलांनी आकडे एकत्र करून उत्तर दिले, छत्तीस. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? साधारण सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण २९ टक्के मुलांनी लिहिले, '३१ बस, बाकी १२'. ३२ हे उत्तर केवळ २३ टक्क्यांनी दिले. उरलेले बारा सैनिक रस्त्यावर उभे आहेत याची त्या मुलांना दखल नव्हती. भागाकार संपला होता ना!

हेच मी आपल्या वर्गासाठी जरा सोपे करून देते. ३६ भागिले ८, भागाकार ४, बाकी ४. आता तीन प्रश्न. एका जीपमध्ये ८ मुले बसतात, ३६ मुलांना सहलीला न्यायला किती जीप लागतील? ८ रुपयांची एक पेन्सिल, ३६ रुपयांत किती पेन्सिली येतील? ३६ पोळ्या ८ जणांना सारख्या वाढल्या, तर प्रत्येकाला किती? उत्तरे अनुक्रमे पाच, चार आणि साडेचार. तिन्ही प्रश्न एकाच तासाला, एकाखाली एक लिहून द्या आणि 'उत्तरे वेगळी का आली?' एवढेच विचारा. त्या तासाला दुसरे काही नाही झाले तरी चालेल.

आता मराठीकडे येते, कारण इथे काही अडचणी खास आपल्या आहेत. 'सोनूपेक्षा राधाकडे ५ लाडू जास्त आहेत' आणि 'राधाकडे सोनूपेक्षा ५ लाडू जास्त आहेत' ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आणि एकाच अर्थाची. नावांचा क्रम उलटला तरी अर्थ ढळत नाही, कारण अर्थ 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने धरून ठेवला आहे. मूल मात्र आधी आलेले नाव धरते. म्हणून 'पेक्षा ज्याला चिकटला आहे, त्याच्या नावावर बोट ठेव' ही सवय लावली, तर अर्धी लढाई जिंकली. आपल्या गोव्यातली पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात. त्यांच्या तोंडी 'पेक्षा' नसतो, 'परस' असतो, 'जास्त' नसते, 'चड' असते. बेळगावकडच्या मुलांच्या शेजारी कन्नड असते आणि तिथे हे काम 'किंत' करतो. 'तुजेपरस म्हाका चड' असे म्हणून भावाशी खाऊवरून भांडणाऱ्या मुलाला तुलना कळत नाही असे कोण म्हणेल? त्याला फक्त पुस्तकातला शब्द परका आहे. तेव्हा उदाहरण आधी त्याला घरच्या बोलीत सांगू द्यावे आणि मग पुस्तकी वाक्याशी जुळवावे. यात मराठीचा अपमान होत नाही.

सर्वनामांचा घोळ तर पुस्तके लिहिणारेच करतात. 'रमेशने सुरेशला ५ गोट्या दिल्या. आता त्याच्याकडे ९ गोट्या आहेत. आधी किती होत्या?' हा 'त्याच्याकडे' कोणाकडे? रमेशचे उत्तर १४, सुरेशचे ४. असे वाक्य दिसले की नाव घालून दुरुस्त करा, मुलाला दोष देऊ नका. 'परवा' हा शब्दही तसाच. तो मागेही जातो, पुढेही जातो, आणि कोणत्या दिशेला ते फक्त क्रियापद सांगते. 'पंधरवडा' आणि 'दोन आठवडे' यांत एका दिवसाचे अंतर पडते. 'तिप्पट' आणि 'तिपटीने जास्त' यांवर तर मोठ्या माणसांचेही एकमत होत नाही. ते चौथीच्या प्रश्नपत्रिकेत कशाला आणावे?

संख्यांच्या नावांबद्दल एक वाक्य बोलून पुढे जाते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावन्नच्या जोडीला 'पन्नास सात' असे वाचन आले आणि केवढा गदारोळ झाला! मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या अध्यक्ष होत्या. ऐकताना सात आधी आणि लिहिताना पाच आधी, ही मुलाची अडचण खरी आहे. सत्तावन्न जपावे आणि अडलेल्या मुलाला पन्नास सात ही काठी द्यावी, असे मला वाटते.

मग वर्गात करायचे काय? हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली आपल्या पुस्तकात चार टप्पे सांगितले : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. हे टप्पे आज सगळ्या प्रशिक्षणांत सांगितले जातात. वेळ मात्र तिसऱ्यालाच मिळतो. मी पहिल्या आणि चौथ्याबद्दल बोलते.

पहिल्यासाठी सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे आकडे झाकणे. फळ्यावर उदाहरण लिहा आणि आकड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी ठेवा. 'फेरीबोटीत काही माणसे होती. धक्क्यावर काही उतरली, काही नवीन चढली.' आता विचारा, काय झाले? माणसे वाढली की कमी झाली? सांगता येईल का? मुले उचलायला आकडे शोधतात, ते सापडत नाहीत आणि मग नाइलाजाने गोष्ट वाचतात. कोणीतरी म्हणते, "जास्त चढली असतील तर वाढली." हे वाक्य ज्या मुलाच्या तोंडून आले, त्याला उदाहरण समजले. मग एक चौकट उघडा, थोडे थांबा, दुसरी उघडा. शेवटचा प्रश्नही आपण देऊ नये. 'यात काय काय विचारता येईल?' असे मुलांनाच विचारावे.

चित्र काढणे, चिंचोके मांडणे, पट्टीची आकृती करणे हे आपण सारे जाणता. इतकेच सांगते की, लाडवांच्या उदाहरणात दोन पट्ट्या एकाखाली एक काढल्या, की कोणाची लांब हे ठरवल्याशिवाय मुलाला पेन्सिल पुढे नेता येत नाही. चित्र सुंदर असण्याची गरज नाही.

अंदाजाने सुरुवात करणे आपल्याकडे आळशीपणाचे मानतात. पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त 'इष्टकर्म' नावाची रीतच आहे : सोयीची संख्या धरा, करून पाहा, मग प्रमाणात दुरुस्त करा. त्या ग्रंथातले भुंग्यांचे उदाहरण घ्या. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला. थवा ३० चा धरू. सहा, दहा आणि फरक चार म्हणून बारा, मिळून अठ्ठावीस. उरले दोन. पण उरायला हवा एक, म्हणजे निम्मा. थवा १५ चा. पाचवीचे मूल हे हसत करते. आठशे वर्षांहून अधिक काळ हे उदाहरण टिकले, त्यात गणिताइतकाच त्या कदंबाचा वाटा आहे, असे मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मानते. आपली पुस्तके 'एका दुकानदाराकडे' या शब्दांपलीकडे कधी जाणार?

चौथ्या टप्प्याला, मागे वळून पाहण्याला, मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे : ताळा. आपण ताळा म्हणजे उलट आकडेमोड इतकाच अर्थ ठेवला. भागाकार तपासायला गुणाकार. शाब्दिक उदाहरणाचा ताळा आकड्यांशी घालायचा नसतो, तो गोष्टीशी घालायचा असतो. उत्तर पुन्हा वाक्यात ठेवा आणि गोष्ट सुरुवातीपासून वाचा. 'सकाळी टोपलीत ७ आंबे होते. त्यातले ८ विकले...' मूल इथेच थांबते आणि स्वतःच खोडते. त्या आधी आपण फुली मारलेली नसली म्हणजे झाले. म्हणून उत्तर नुसते '२३' असे स्वीकारू नये. 'सकाळी टोपलीत २३ आंबे होते' असे पूर्ण वाक्य हवे, आणि त्या वाक्याला अर्धा गुण असावा. हा अर्धा गुण कोणी द्यायचा, मराठीच्या बाईंनी की गणिताच्या सरांनी, यावर दोघांनी एकदा बसून बोलावे. प्राथमिकला बहुतेक ठिकाणी दोन्ही विषय एकच व्यक्ती शिकवते, त्यामुळे ही बैठक फारशी अवघड जाऊ नये!

दुपारच्या सत्रात प्रत्येक गटाने आपापल्या इयत्तेच्या पुस्तकातली पाच उदाहरणे निवडायची आहेत. ती सोडवायची नाहीत. प्रत्येकात मूल कोणत्या शब्दाशी अडखळेल ते अधोरेखित करायचे, आणि एक उदाहरण आपल्या गावच्या बाजारातले, शक्य असल्यास मुलांच्या घरच्या बोलीत, नव्याने लिहायचे. कागद आणि पेन्सिली दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. प्रत्येकी दोन कागद घ्यावेत.