बैलाचे शिंग आणि माणसाचे मुख
नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याचा कामाचा बैल वारंवार डोके झटकू लागला, त्याच्या एका नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव वाहू लागला आणि त्याच बाजूचे शिंग सैल होऊन कलू लागले, तर तो शिंगाचा कर्करोग असण्याचा संभव असतो. शिंगाच्या पोकळीतील अस्तरात उद्भवणारा हा विकार आणि तंबाखूच्या व्यसनातून माणसाच्या मुखात जडणारा कर्करोग बहुधा एकाच जातीचे असल्यामुळे, मुंबईतील ज्या परळात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय व १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले, तेथील उमेदवार पशुवैद्याला दोन्हींचा तौलनिक अभ्यास स्वाभाविकच खुणावतो. शेतकऱ्याने मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात त्वरित वर्दी द्यावी. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास जनावर वाचू शकते.