‘जाणून’ या शब्दाचे ओझे
(व्याख्यानाचा संपादित अंश)



मागच्या रांगेतून आलेली एक चिठ्ठी माझ्यासमोर आहे. ‘आपल्याला एचआयव्ही आहे हे ठाऊक असूनही जो विवाह करतो, त्याला कायदा मोकळा का सोडतो?’ हा संताप मी समजू शकतो. घरात उपवर कन्या असली की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

कायदा मोकळा सोडत नाही. १८६० च्या दंडसंहितेत २६९ व २७० ही कलमे होती. जीवघेणा रोग पसरण्याचा संभव असलेले कृत्य निष्काळजीपणे केले तर सहा महिन्यांपर्यंत, दुष्टबुद्धीने केले तर दोन वर्षांपर्यंत कारावास. १ जुलै २०२४ पासून तीच कलमे भारतीय न्याय संहितेत २७१ आणि २७२ म्हणून आली आहेत. असा विवाह या कलमांखाली गुन्हा ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका डॉक्टरच्या खटल्यात म्हटले होते. विवाहाच्या हक्कासंबंधीची ती निरीक्षणे अनावश्यक होती, असे त्याच न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले.

अडचण आहे ती ‘जाणून’ या शब्दात. ज्याने तपासणी करून घेतली, तो जाणता; ज्याने टाळली, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची सोय. प्रामाणिक मनुष्य अडकतो आणि लपणारा सुटू पाहतो! केवळ धाकाने काय होते, हे गोव्याने १९८९ मध्ये पाहिले. डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला म्हापशात ६४ दिवस एकांतात कोंडण्यात आले. असे पाहिल्यावर तपासणीला कोण पुढे येईल?

माझ्याकडे एक भगिनी आल्या होत्या. पतीला आजार ठाऊक होता. त्याने सांगितले नाही. तो गेला, आणि तेराव्यानंतर सासरच्यांनी यांनाच घराबाहेर काढले. मृतावर खटला कसा भरणार? त्यांच्या उपयोगी पडला तो दुसराच कायदा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क तो देतो. संबंधापूर्वी जोडीदाराला सांगावे किंवा संसर्ग टाळण्याची काळजी घ्यावी, हे कर्तव्यही तो घालून देतो. मात्र सांगितल्याने मारहाण वा परित्याग होण्याची रास्त भीती असलेल्या स्त्रीला त्यातून वगळतो. हे कलम लिहिणाऱ्याला आपली घरे नीट ठाऊक असावीत.

आज नियमित औषधांनी रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. पण त्यासाठी आधी तपासणी हवी. आपण पत्रिका जुळवतो, गोत्र विचारतो, पगार तर विचारतोच. दोन्हीकडच्या संमतीने रक्ततपासणीचे नाव काढले की मात्र बैठकीत शांतता पसरते.

त्या भगिनी आज त्याच घरात राहतात. औषधे चालू आहेत. सासूबाई अजून त्यांच्या हातचे पाणी घेत नाहीत.