उष्णता, स्फोटके आणि कापसाच्या गाठी



स्फोटकांवर बोलायचे ठरविले तेव्हा एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "कंधारात हा विषय ऐकणार कोण?" आम्ही म्हणालो, ज्याने ओल्या कडब्याची गंजी रचली आहे तो ऐकेल. त्याला अर्धा विषय आधीच ठाऊक असतो. अशा गंजीत काही दिवसांनी हात घालावा तर आत ऊब नव्हे, चटका लागतो. आच कोणी लावलेली नसते. आतल्या आत जन्मलेल्या उष्णतेला वाट मिळत नाही, इतकेच.

स्फोटकाचे पुष्कळसे असेच आहे. लाकूड जळते ते हवेतला प्राणवायू घेऊन. स्फोटके आपला प्राणवायू बरोबरच बाळगतात. म्हणून हवा तोडून त्यांची आग गुदमरत नाही. तापवू लागलो की त्यांचे रेणू फुटू लागतात आणि प्रत्येक फुटीतून आणखी उष्णता निघते. टीएनटी सुमारे 81 अंशांवर वितळते. कारखान्यात ते वितळवूनच तोफगोळ्यांत ओततात. आरडीएक्स सुमारे 204 अंशांवर वितळते, पण वितळता वितळताच फुटूही लागते.

"मग भडका किती अंशांवर?" असे लोक विचारतात. ह्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. उष्णता जन्मते साऱ्या ढिगात, निसटते मात्र पृष्ठभागातून. ढीग लांबी, रुंदी, उंचीने दुप्पट केला तर माल आठपट होतो आणि पृष्ठभाग चौपटच. म्हणून उघड्यावरचे थोडेसे टीएनटी काळा धूर सोडीत जळून जाते. तेच टनांनी, कोंडून, तासन्‌तास तापले तर गोष्ट निराळी.

ती निराळी गोष्ट मुंबईने पाहिली. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके व दारूगोळा, आणि त्यांच्या सोबतीला कराचीत चढविलेल्या कापसाच्या सुमारे 8,700 गाठी! हा शेजार कोणी मान्य केला असेल ते असो. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. गाठीतली आग कशी असते हे आपल्या कापसाच्या मुलखात सांगायला नको. वरून विझली तरी आत धुमसत राहते. बंबवाल्यांनी 900 टनांहून अधिक पाणी ओतले, पण धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. जहाजातले पाणीच उकळू लागले. जहाज बुडवावे की गोदीबाहेर काढावे ह्यावर चर्चा चालली. ठाम हुकूम निघाला नाही. आमच्या मते उकळणारे पाणी हाच हुकूम होता. उष्णता जाते त्याहून वेगाने साठते आहे, हे त्याने स्पष्ट सांगितले होते.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्का नोंदला गेला. मृतांचे अंदाज 800 पासून 1,300 पर्यंत दिले जातात. त्यांत 66 अग्निशामक होते. दरवर्षी 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.