परदेशी जोडलेल्या स्नेह्यांचा निरोप
(वार्षिक संमेलनातील भाषण)



उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींचा या संमेलनात सत्कार करण्याची आपली प्रथा आहे. हाती नारळ पडतो, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद मिळतात, विमानतळावर मातापिता डोळे पुसतात. हा निरोप आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत ते दुसऱ्या निरोपाविषयी. मुले स्वदेशी परत निघतात, तेव्हा तिकडेही कोणीतरी डोळे पुसत असते; आणि त्या व्यक्तीचे नावदेखील पुष्कळदा आपल्या घरी ठाऊक नसते.

या निरोपाचे मोल जाणावयाचे असेल, तर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राकडे पाहावे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्या पदवीमागे एका परक्या स्त्रीचे मातृहृदय उभे होते. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडील मासिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता ते त्यांच्या वाचनात आले. त्यांनी त्या अनोळखी मुलीस पत्र धाडले. पुढे सुमारे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून निघाल्या. जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा मावशी धक्क्यावर हजर होत्या.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंनी अध्ययन केले. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, स्वधर्मही सोडला नाही. आणि मावशींच्या मायेत त्यामुळे काही उणे पडले नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. परंतु तोवर क्षयाने देह पोखरला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. पण तेथे रुजू होणे दैवी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

यानंतर जे घडले ते आम्हांस विशेष मननीय वाटते. आनंदीबाईंची रक्षा मावशींकडे अमेरिकेस पाठविण्यात आली, आणि मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे. रक्षा कोणाच्या हाती जावी, हा आपल्याकडे रक्ताच्या नात्याचा अधिकार. तो येथे सातासमुद्रांपलीकडील एका स्नेहिणीस लाभला. बंदरावर घेतलेला निरोप अखेरचा ठरला. परंतु नाते मात्र तेथे संपले नाही.

बंधुभगिनींनो, परदेशी राहून आलेल्यांना आम्ही काय म्हणतो ते सांगावयास नको. आजारपणात पेज करून देणारी शेजारीण, पहिल्या हिवाळ्यात आपला कोट अंगावर घालणारा सहाध्यायी, सणाच्या दिवशी मुद्दाम घरी बोलावणारे वृद्ध दांपत्य, ही माणसे कोणत्याही वंशावळीत सापडत नाहीत. निघण्याच्या धांदलीत सामानाचे वजन दहादा पाहिले जाते. या माणसांसाठी मात्र उभ्या उभ्या दोन मिनिटे. असे होऊ नये. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखावी, आणि त्यांनी आपल्यासाठी काय केले ते त्यांच्यापाशी स्पष्ट शब्दांत बोलावे. घरी पोहोचताच पहिली खुशाली त्यांना कळवावी. आता तर दूरध्वनीवर चेहराही दिसतो. आनंदीबाईंच्या काळी एका पत्राच्या उत्तरासाठी महिनोन् महिने थांबावे लागे.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाला ज्यांनी परमुलखात आपले म्हटले, त्यांना आपणही स्वहस्ताने चार ओळी लिहाव्यात. मुलाने मानलेली मावशी ही आपलीही बहीणच होय. ज्या घरास हे उमगले, त्या घराचा गोतावळा समुद्रापलीकडे पोहोचला असे आम्ही समजतो.